पुण्यात चालणं, बस, मेट्रो आणि आपली तब्येत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहराच्या रचनेचा आणि तब्येतीचा काय संबंध? तब्येत तर खाण्यापिण्यावर आणि व्यायामावर असते ना?

खाणंपिणं आहेच, पण दिवसभरात आपण किती चालतो, किती तास बसून काढतो, कसली हवा आत घेतो, रात्री झोप लागते का, रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो का, हे सगळं बरंचसं आपलं घर कुठल्या रस्त्यावर आहे आणि तिथून बस मिळते का यावर ठरतं. याचा जुना आणि मला सगळ्यात पटलेला पुरावा बसमधलाच आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या डबलडेकर बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर लोकांची तुलना केली आणि १९५३ साली ती लॅन्सेट या मासिकात छापून आली. दोघं एकाच बसमध्ये, एकाच शहरात, पण दिवसभर सीटवर बसणाऱ्या ड्रायव्हरांना हार्टचा त्रास जास्त आणि जिने चढत-उतरत तिकिटं देणाऱ्या कंडक्टरांना कमी. ते कंडक्टर काही व्यायाम म्हणून जिने चढत नव्हते, त्यांचं कामच तसं होतं. मला पुण्याबद्दल जे म्हणायचंय ते एवढंच आहे, की चालणं हे रोजच्या जाण्यायेण्यातच आपोआप होऊन जायला पाहिजे, आणि ते होतं का नाही हे घर ते बसस्टॉप या अर्ध्या किलोमीटरवर ठरतं. खाली बाकीचे जे प्रश्न आहेत ते सगळे फिरून फिरून तिथंच येतात.

रोज किती चाललं की पुरतं? दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का?

दहा हजार हा आकडा १९६० च्या दशकात जपानमधल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आलाय, तो काही डॉक्टरी नियम नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम करा म्हणते, भराभर चालणं त्यात बसतं. आता हिशोब करा, घरापासून स्टॉपपर्यंत ८ मिनिटं, उतरल्यावर ऑफिसपर्यंत ७ मिनिटं, म्हणजे जाताना १५ आणि येताना १५, आणि असे पाच दिवस. १५० मिनिटं झाली की! ट्रॅकसूट नाही, फी नाही, पहाटेचा अलार्म नाही. टू-व्हीलरवर हेच अंतर कापलं तर पार्किंग ते लिफ्ट एवढंच चालणं होतं.

मी जिम लावलीय, मग मला बसने जायची काय गरज?

जिम चांगलीच आहे, चालू ठेवा. पण तासभर जिम आणि बाकी दिवस खुर्ची, सोफा, गाडीची सीट, हे शरीराला मानवत नाही, बसून राहण्याचे तोटे वेगळे असतात. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे जिम जानेवारीत लावतात आणि मार्चपर्यंत टिकते, ऑफिसला मात्र वर्षभर जावंच लागतं.

पुण्यात एवढ्या टू-व्हीलर का? लोकांना बस नको असते का?

लोकांना बस नको असते असं मला अजिबात वाटत नाही, लोकांना वेळेवर न येणारी बस नको असते. एकेकाळी हे सायकलींचं शहर होतं, कामगार, कॉलेजची पोरं, प्राध्यापक सगळे सायकलवर. मग शहर लांब लांब पसरत गेलं, कोथरूड, वारजे, धायरी, वाघोली, हिंजवडी, आणि बस त्या वेगाने पसरली नाही, मग माणूस करणार काय, गाडी घेणार. २०१८ साली तर पुण्यात नोंदणी झालेल्या गाड्यांची संख्या ३६ लाखांच्या वर गेली आणि ती शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या आल्या, त्यातल्या बहुतेक दुचाकी.

बसचं गणित बघा. २००७ साली पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल झाली (आपण अजून पीएमटीच म्हणतो). केंद्र सरकारच्या मानकांत हजार माणसांमागे ०.६ बस ही चांगल्या सेवेची पातळी धरलीय, म्हणजे लाखाला ६०. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून साडेअठ्ठेचाळीस लाख लोक होते, म्हणजे तेव्हाच्याच लोकसंख्येला २९०० बस लागतात, आणि ताफा इतकी वर्षं दोन हजारांच्या आसपास घुटमळतोय. त्यानंतर लोकं वाढली, २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं पुणे मनपात आली, ती वेगळीच. जिथं दर पाच-सात मिनिटांनी बस येते तिथं लोक वेळापत्रक न बघता स्टॉपवर जातात, जिथं अर्ध्या तासाने येते तिथं ज्याला दुसरा काही पर्यायच नाही तोच उभा राहतो. बाकी एसी, वायफाय, नवीन रंग हे सगळं नंतरचं, आधी बसेस वाढवा.

सगळे फुटपाथ फुटपाथ करतात, एवढं काय आहे त्यात?

सगळं त्यातच आहे. बसने जाणारा प्रत्येक माणूस प्रवासाच्या दोन्ही टोकांना पायीच असतो. फुटपाथ नसेल तर बस आणि मेट्रो कितीही चांगली असो, आजी, गरोदर बाई, दप्तरवालं पोरगं आणि कुबड्या घेतलेला माणूस तिथपर्यंत पोचतच नाहीत.

इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची पायी चालणाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात निवासी भागातही चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी रुंदी पाहिजे असं म्हटलंय, आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. १.८ मीटर का, तर दोन व्हीलचेअर एकमेकींच्या बाजूने जाऊ शकतील एवढी ती जागा होते. आणि "मोकळी" हा शब्द महत्त्वाचा, खांब, झाडाचा आळा, केबलचा डबा हे सगळं सोडून उरलेली.

आता आपल्या उपनगरातला कुठलाही एक फुटपाथ घ्या आणि त्यावरून साठी ओलांडलेल्या माणसाबरोबर शंभर पावलं चालून बघा. सुरुवातीलाच चढायला गुडघ्याएवढी पायरी, कारण रस्त्याचं पाणी दुकानात जाऊ नये म्हणून तो उंच केलेला. चार पावलांवर सोसायटीचं गेट, तिथं फुटपाथ कापून उतार केलाय म्हणजे परत खाली उतरायचं आणि परत चढायचं. मग विजेचा डीपी, अगदी मध्यात, त्याच्या आणि भिंतीच्या मधून अंग चोरून जायचं. पुढे दोन पेव्हर ब्लॉक निसटलेले, पावसात त्यावर पाय पडला की खालचं गढूळ पाणी थेट साडीवर. मग कोणीतरी लावलेल्या तीन स्कूटर. इथं ते काका किंवा काकू रस्त्यावर उतरतात आणि पुढचं सगळं अंतर गाड्यांच्या कडेकडेने, मागून हॉर्न खात चालतात. घरी गेल्यावर म्हणतात की आता मी काही बाहेर पडत नाही बाई, आणि खरंच पडत नाहीत, मग गुडघे आखडतात, शुगर वाढते, मैत्रिणींकडे जाणं थांबतं. या वयात पडून खुब्याचं हाड मोडलं तर माणूस महिनोन् महिने अंथरुणाला खिळतो. त्यांना घरात बसवलं ते वयाने नाही, त्या फुटपाथनं बसवलं.

आणि हे सुधारता येतं, पुण्यातच करून दाखवलंय. जंगली महाराज रस्त्यावर २०१६ नंतर जे काम झालं त्यात फुटपाथ रुंद केले, बसायला बाक केले, पोरांना खेळायला जागा केल्या, आणि संध्याकाळी तिथं आजोबा निवांत बसलेले असतात, बाबागाडी ढकलत लोक चाललेले असतात. पालिकेनं २०१६ सालीच पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या डिझाइनची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केलीत, म्हणजे कागदावर सगळं आहे. जे जेएम रोडवर जमतं ते धायरी फाट्यावर आणि धानोरीत का जमू नये?

रस्ता ओलांडायला पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग केले की झालं ना?

नाही झालं. चाळीस पायऱ्या चढून चाळीस उतरायच्या, तेही हातात भाजीची पिशवी घेऊन, हे गुडघेदुखीवाला माणूस करत नाही, तो दुभाजकाच्या फटीतूनच जातो. भुयारी मार्ग रात्री सामसूम, बायका टाळतात. मोठ्या हायवेवर पूल लागेल, पण शहराच्या आतल्या रस्त्यावर माणसाने जमिनीवरूनच, झेब्रा क्रॉसिंगवरून, सिग्नल घेऊन ओलांडलं पाहिजे, थांबायचं ते गाडीनं.

सिग्नलच्या वेळेचंही बघा. साधारण १.२ मीटर दर सेकंदाला या चालीवर हिशोब धरतात, म्हणजे २४ मीटरचा रस्ता २० सेकंदात. पण काठी घेतलेले आजोबा ०.८ च्या चालीनं जातात, त्यांना ३० सेकंद लागतात. म्हणजे सिग्नल सुटतो तेव्हा ते अजून रस्त्यातच. मध्ये थांबायला नीट उंचवटा पाहिजे, आणि दहा सेकंद वाढवले तर कोणाचं काही बिघडत नाही.

वेगाचं तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे सरासरी वेग १ टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताची जोखीम ४ टक्के वाढते. म्हणून माणसं आणि गाड्या एकत्र असतात तिथं ताशी ३० किलोमीटरची मर्यादा ठेवा असं सांगतात. शाळेसमोर, मंडईजवळ, दवाखान्याच्या रस्त्यावर यापेक्षा जास्त वेग कशाला हवा?

मेट्रो आलीय, आता ट्रॅफिक कमी होईल ना?

मेट्रोनं माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांचं आयुष्य सुधारलंय हे आधी सांगतो. मार्च २०२२ ला वनाज–गरवारे कॉलेज आणि पीसीएमसी–फुगेवाडी हे छोटे तुकडे सुरू झाले तेव्हा लोक म्हणायचे जॉयराईड आहे. ऑगस्ट २०२३ ला दोन्ही मार्ग शिवाजीनगरच्या सिव्हिल कोर्टला येऊन मिळाले, मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत गेली आणि सप्टेंबर २०२४ ला भुयारातून स्वारगेटपर्यंत आली, तेव्हा खरं नेटवर्क झालं. आता पिंपरीहून मंडईत यायला पार्किंगची चिंता नाही, पावसाची नाही, कंबरेला खड्ड्यांचे दणके नाहीत. हे पण तब्येतीचंच आहे.

पण ट्रॅफिक फक्त मेट्रोनं कमी होत नाही. दहा लोकांनी गाडी घरी ठेवली तर रिकाम्या झालेल्या जागेत दुसरे दहा येतात, हे जगभर होतं. मेट्रोबरोबर पार्किंगला पैसे लागले, बसला वेगळी जागा दिली, फुटपाथ केले, तरच फरक दिसतो. ट्रॅफिक मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या यादीत पुणे सगळ्यात संथ ट्रॅफिकच्या बाबतीत जगात चौथं आलं, १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं, तेव्हा मेट्रो धावतच होती.

आणि स्टेशनच्या बाहेरचं काय? मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या पट्ट्यात उंच इमारतींना ४ पर्यंत एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम) देण्याचं धोरण आहे, म्हणजे तिथं माणसं दाटणार. मग त्याच ५०० मीटरमध्ये सगळ्यात चांगले फुटपाथ, सावली, दर १० मिनिटांनी स्टेशनला नेणारी फीडर बस हे आधी नको का? मला तर वाटतं स्टेशनची जागा ठरते त्याच दिवशी त्याच्या भोवतालच्या गल्ल्यांचं टेंडर पण निघालं पाहिजे.

मेट्रो चांगली का बस चांगली?

दोन्ही लागतात. मेट्रो मोजक्या सरळ रेषांवर जाते, बस गल्लीच्या तोंडाशी येते. पुण्यात २०२४ पर्यंत मेट्रो साधारण ३३ किलोमीटर झाली, बस शेकडो रुटवर जाते. पैसे कमी असतील तर मी आधी बस म्हणेन.

बीआरटी (बसला राखीव लेन) तर पुण्यात फेल गेली, मग बसला वेगळी लेन कशाला मागता?

हा प्रश्न लोक चिडून विचारतात आणि मला ते समजतं, कारण कात्रज–स्वारगेट–हडपसर रस्त्यावर लोकांनी खूप सोसलंय. डिसेंबर २००६ ला देशातली पहिली बीआरटी म्हणून तो प्रयोग सुरू झाला, पण घाई घाईत. स्टॉप रस्त्याच्या मध्यात आणि तिथपर्यंत जायला धड क्रॉसिंग नाही, लेनमध्ये टू-व्हीलर घुसायच्या, बसेस कमी. २०१५ ला रेनबो बीआरटी आली, संगमवाडी–विश्रांतवाडी आणि सांगवी–किवळे, तिथं स्टेशनं बरी होती, चढायला पायरी नाही, दरवाजा आणि फलाट एका उंचीवर, आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ती बऱ्यापैकी चालली. नगर रस्त्यावर मात्र नंतर ती उखडायला घेतली.

ब्राझीलमधल्या कुरिचिबाला हीच गोष्ट १९७४ पासून चालू आहे, कोलंबियातल्या बोगोटाला २००० पासून. तिकडे लेन तुटक नाही, चौकातही बसला आधी सोडतात, आणि लेनमध्ये घुसलं की दंड होतो. आपण अर्धी लेन, अर्धे स्टॉप, अर्ध्या बस दिल्या आणि मग बीआरटीच वाईट म्हणून मोकळे झालो. साठ माणसं घेऊन चाललेली बस एका माणसाच्या कारमागे वीस मिनिटं अडकून राहते, हा अन्याय आहे आणि तो रोज होतो.

रस्ते रुंद करा, फ्लायओव्हर बांधा, सुटला प्रश्न. नाही का?

विद्यापीठ चौकातला फ्लायओव्हर आठवतोय? गाजावाजा करून बांधला आणि दोन दशकंही झाली नव्हती तोवर २०२० ला पाडला, मेट्रोच्या कामासाठी. फ्लायओव्हर एका चौकातली गर्दी उचलून पुढच्या चौकात नेऊन ठेवतो. वर गाड्या वेगात सुटतात, खाली चालणाऱ्याला ओलांडायला जागा राहत नाही, आणि रुंदीकरणात सगळ्यात आधी जातो तो फुटपाथ आणि वडापिंपळाची झाडं. गणेशखिंड रस्त्याची जुनी सावली ज्यांनी बघितलीय त्यांना मी काय बोलतोय ते कळेल.

चालत किंवा सायकलवर गेलं तर उलट धूरच जास्त खाल्ला जातो, मग फायदा काय?

रास्त शंका आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ ला पीएम २.५ या बारीक कणांसाठी वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅम सांगितलीय, आपल्या देशाची मर्यादा ४० आहे, म्हणजे आपली हवा आपल्या नियमात बसली तरी ती चांगली असतेच असं नाही. तरीसुद्धा धडधाकट माणसाला चालण्याचा फायदा धुराच्या तोट्यापेक्षा सहसा जास्तच होतो असं या विषयातलं संशोधन सांगतं, आणि कारमध्ये काचा लावून बसलं म्हणजे वाचलो असंही नाही, पुढच्या गाडीच्या धुराड्यातली हवा आत येतेच.

दोन-तीन साध्या गोष्टी करा. मुख्य रस्त्याला समांतर आतली गल्ली असेल तर तिथून जा, कर्वे रोडऐवजी एरंडवण्याच्या आतल्या गल्ल्या, फार फार तर दोन मिनिटं जास्त लागतात आणि हवा बरीच बरी असते. थंडीत पहाटे धूर खाली साचून राहतो, तेव्हा ऊन वर आल्यावर निघा. पाषाणची आयआयटीएम, म्हणजे उष्णकटिबंधीय हवामान संस्था, सफर नावाची हवेची माहिती देते, ती बघायची सवय लावा. दमा असेल, हार्टचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा.

सायकल परत येईल का पुण्यात?

यावी असं फार वाटतं. २०१७ ला शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या, विद्यापीठात आणि औंधात पोरं खूश होती, पण काही काळात त्या गेल्या, कारण सायकल आली पण चालवायला जागा आलीच नाही. सायकल ट्रॅक म्हणून जे आहे तिथं दुकानाचे बोर्ड, पार्किंग, आणि चौक आला की ट्रॅक गायब. चौकातच तर खरा धोका असतो. मेट्रोत सायकल नेता येते हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नाही, लांबून येणाऱ्यांनी जरूर करून बघा.

पेठेतली गर्दी चांगली का बाहेरची मोकळी टाऊनशिप?

पेठेत पार्किंग नाही, आवाज आहे, वाडे मोडकळीला आलेत, हे सगळं मान्य. पण शनिवार पेठेतल्या एखाद्या आजीला दूध, किराणा, गिरणी, देऊळ, डॉक्टर, बँक, मंडई सगळं पायी मिळतं आणि वाटेत चार माणसं थांबून विचारतात काय आजी, बरं आहे ना. ही विचारपूससुद्धा औषधच आहे, एकटेपणानं माणूस किती खंगतो ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा. बाहेरच्या टाऊनशिपमध्ये आत बाग आहे, जॉगिंग ट्रॅक आहे, पण कोथिंबिरीच्या जुडीला पण गाडी काढावी लागते, आणि कंपाउंडची लांबच लांब भिंत असली की बाहेरच्या रस्त्यावर ना दुकान ना खिडकी, रात्री तिथून चालायला भीती वाटते. हडपसरजवळच्या मगरपट्टा टाऊनशिपनं घर आणि ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर ठेवून दाखवलं, तो विचार चांगला आहे. नवीन गावं शहरात येतायत तिथं अजून वेळ गेलेली नाही, आधीच ठरवा की शाळा, दवाखाना, भाजी, बस हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत पायी मिळालं पाहिजे.

बायकांच्या दृष्टीनं काय वेगळं लागतं?

उजेड, सुरू असलेली दुकानं, स्वच्छ टॉयलेट आणि रात्री नऊनंतरही येणारी बस. बायकांचा प्रवास घर ते ऑफिस असा सरळ नसतो, पोराला पाळणाघरात सोड, मग ऑफिस, येताना भाजी, सासूबाईंची औषधं, असा तुकड्या-तुकड्यांचा असतो, म्हणून त्यांना दिवसाचा पास आणि छोट्या अंतराच्या बस जास्त उपयोगी पडतात. मध्यवर्ती भागात २०२१ ला दहा रुपयांत दिवसभर फिरवणारी पुण्यदशम बस सुरू झाली, ती बायकांनी किती उचलून धरली ते ज्यांनी त्या भरलेल्या छोट्या बस बघितल्या त्यांना माहितीय. तेजस्विनी बसही चांगली, पण फक्त बायकांच्या दोन-चार बसपेक्षा सगळ्याच बसमध्ये आणि सगळ्याच स्टॉपवर सुरक्षित वाटलं पाहिजे. पाणी कमी पिऊन घराबाहेर पडणाऱ्या कितीतरी बायका आहेत, कारण वाटेत टॉयलेट नाही. त्यातून लघवीचे इन्फेक्शन होतात. टॉयलेट बांधणं हा आरोग्याचाच खर्च आहे.

टेकड्या आणि झाडं यांचा यात काय संबंध?

पुण्याचं नशीब की वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती, तळजाई अशा टेकड्या शहराच्या आतच आहेत. पर्वतीच्या पायऱ्या रोज चढणारे सत्तरीतले लोक बघा, त्यांची चाल बघा. वेताळ टेकडीतून बालभारती–पौड फाटा रस्ता न्यायच्या प्रस्तावाविरुद्ध २०२३ ला एवढी माणसं रस्त्यावर उतरली ती उगाच नाही. टेकडीवर पाणी मुरतं, खाली गारवा येतो. आणि रस्त्यावरचं झाड तर चालणाऱ्याचं छप्पर, एप्रिलच्या दुपारी सावली नसलेल्या रस्त्यावरून स्टॉपपर्यंत कोण जाईल? पन्नास वर्षं आणि त्यापेक्षा जुन्या झाडांना राज्याच्या कायद्यात २०२१ पासून वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे, तुमच्या रस्त्यावरचं असं झाड तोडायची नोटीस लागली तर मुदतीत लेखी हरकत घ्या.

पार्किंगला पैसे लावले तर सामान्य माणसावर अन्याय नाही का?

सामान्य माणूस बसमध्ये आणि पायी असतो, त्याची जागा पार्किंगनं खाल्लीय. २०१८ ला पार्किंग धोरण मंजूर झालं आणि विरोधामुळे ते अडकून पडलं. रस्त्यावरची जागा सगळ्यांची आहे, ती दिवसभर अडवून ठेवायची तर थोडे पैसे द्यावेत आणि ते फुटपाथ आणि बसला वापरावेत, यात मला काही चूक दिसत नाही.

मी एकटा माणूस काय करू शकतो?

बरंच. पहिलं म्हणजे पालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवता येतात, पुण्यात हे २००६ पासून चालू आहे, साधारण पावसाळ्यात अर्ज मागवतात. त्यात "फुटपाथ सुधारा" असं मोघम लिहू नका, "अमुक देवळापासून तमुक स्टॉपपर्यंत, डीपी मध्यात आहे, उंची एवढी आहे, तीन ठिकाणी ब्लॉक निघालेत" असं लिहा, फोटो लावा, टेपने मोजा. दुसरं, क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला कमिटीची बैठक होते, तिथं सोसायटीतले दोन ज्येष्ठ बरोबर घेऊन जा, त्यांनी स्वतः सांगितलं की अधिकारी ऐकतात. लेखी द्या, आवक नंबर घ्या, पंधरा दिवसांनी परत विचारा. सोसायटीच्या ग्रुपवर रोज तक्रारी टाकून काही होत नाही. आणि दर वर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर गाड्या बंद करून पादचारी दिन करतात, २०२१ पासून, त्या दिवशी पोरांना घेऊन जा, रस्ता माणसांचा असला की कसा दिसतो ते त्यांना एकदा बघू दे.

ठीक आहे, पटलं. उद्यापासून सुरुवात कशी करू?

एकदम गाडी विकू नका. आठवड्यातला एक दिवस ठरवा, शक्यतो बुधवार वगैरे, सोमवारी गर्दी फार असते. आदल्या रात्री आपली पीएमपीएमएल ॲपवर रूट आणि स्टॉप बघून ठेवा, मेट्रो जवळ असेल तर स्टेशनपर्यंत चालत किती वेळ लागतो ते एखाद्या रविवारी निवांत चालून बघा. पायात चपलेऐवजी बूट घाला, पावसाळ्यात छत्री आणि मोज्यांचा एक जादा जोड, बाटली भरून घ्या, सुट्टे पैसे ठेवा. पहिल्या दिवशी वीस मिनिटं आधी निघा. एक स्टॉप आधी उतरून चालायचं असेल तर तो सकाळी नको, संध्याकाळी येताना करा, ऑफिसला घामाघूम पोचलात तर दुसऱ्या बुधवारी तुम्ही गाडीच काढाल.